वर जाणारा गज

पान उलटायला काकांनी हात पुढे केला आणि हाताला काही लागलंच नाही. जिथे इतकी वर्षं पानाचा दुमडलेला, मळका कोपरा असायचा तिथे कोरा करकरीत कागद होता आणि त्यावर स्वरांची आणखी एक अख्खी ओळ. आजूबाजूच्या व्हायोलिनचे सगळे गज एकदम वर निघाले, तुटक, खणखणीत स्वर टाकत. काका मात्र बस थांबवणाऱ्या माणसासारखे हात पुढे करून बसून राहिले.

पहिल्या खुर्चीवरच्या लीडरबाईंनी गजाने स्टँडवर टकटक केलं. वादन थांबलं.

"काका, काय झालं?"

"काही नाही. ते पान... नवीन छपाई आहे ना."

"हो, जुन्या प्रतींच्या चिंध्या झाल्या होत्या. आता पान पुढच्या ओळीनंतर उलटायचं. इथे वाजवायचं."

"हो हो. वाजवतो ना," काका म्हणाले, पण ही ओळ त्यांनी आजवर एकदाही वाजवली नव्हती.

याचं कारण असं, की वाद्यवृंदात दोन व्हायोलिनवाल्यांत स्वरांची पानं ठेवायला एक स्टँड असतं. बाहेरच्या खुर्चीवरचा वाजवत राहतो आणि आतल्या खुर्चीवरचा वेळ आली की आपलं वाजवणं सोडून पान उलटतो. अगदी मागच्या स्टँडवर बाहेरच्या खुर्चीत ताई आणि आतल्या खुर्चीत काका, हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्या दोन खुर्च्या रिकाम्या असल्या तरी तिथे कुणी जाऊन बसत नसे. मोसमाच्या शेवटी दरवर्षी हीच रचना वाजायची. तिच्यातली सगळ्यात अवघड ओळ जुन्या प्रतीत नेमकी पान उलटण्यावर पडायची. काका पान उलटायचे, ताई दोघांच्या वाटचं वाजवायच्या, आणि अवघड जागेचं दुखणं कुणाच्या लक्षात न येता वर्षामागून वर्षं सरत होती.

त्या ओळीत अप-बो स्टॅकॅटो होता. गजाचं टोक तारेवर ठेवायचं आणि हात अंगाकडे आणत गज मुठीपर्यंत, एकाच दमात वर न्यायचा. त्या एका दमात वीस-बावीस स्वर, प्रत्येक स्वर वेगळा, कापलेला, आणि गज तारेवरून उचलायचा नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय मोठंसं. काहींना ते जन्मतःच येतं आणि काहींना मरेपर्यंत येत नाही. काकांचे गुरुजी त्यांना लहानपणीच म्हणाले होते, "हे राहू दे, तुला कुठे लागणार आहे?" काकांनी आयुष्यात गुरूची जी एकच आज्ञा तंतोतंत पाळली ती ही.

तालीम संपता संपता लीडरबाई उभ्या राहिल्या. त्या या वर्षीच आल्या होत्या, वयाने काकांच्या मुलीएवढ्या. मोठ्यांना मान देऊन बोलायच्या, पण एकही स्वर सोडायच्या नाहीत.

"शनिवारी मी एकेक स्टँड ऐकणार आहे. फक्त ही ओळ. मी पाठमोरी उभी राहीन, म्हणजे उगाच चेहरे बघून मत व्हायला नको. प्रत्येक स्टँडवरून मला दोन व्हायोलिन ऐकू यायला हवीत. ज्यांना जमणार नाही त्यांच्या जागा पुढच्या मोसमात दुसऱ्यांना द्याव्या लागतील. वाईटपणा घ्यायची मला हौस नाही, पण वरून तसं आलंय." मग खाली बसताना त्यांनी मागे वळून पाहिलं. "काका, तुमच्याकडे लक्ष आहे माझं."

काही जण हसले. काकाही हसले. हसणं भाग होतं.

"ताई," पेटी बंद करताना ते हळूच म्हणाले, "आता कसं करायचं?"

ताई रुमालाने व्हायोलिन पुसत होत्या. त्या काकांहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. आवाज खालच्या पट्टीतला, आणि जेवढ्यास तेवढं बोलणार. "वाजवायचं," त्या म्हणाल्या.

"अहो, पण येत कुठे मला."

"मला माहीत नाही का ते? इतकी वर्षं पान कोण उलटतंय?"

घरी गेल्यावर काकांनी बायकोला सगळं सांगितलं नाही. फक्त "शनिवारपर्यंत जरा रियाज वाढवावा लागेल" एवढंच म्हणाले आणि कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर उभे राहिले. टांगलेल्या कपड्यांत आवाज मुरतो, शेजाऱ्यांची कटकट होत नाही, हा त्यांचा जुना शोध. तिथे कोटासमोर आणि बायकोच्या साड्यांसमोर त्यांनी टोक तारेवर ठेवलं, गज वर ढकलला. पहिले चार स्वर आले. पाचवा अर्धा आला. मग गज जो अडकला तो अडकलाच, आणि शेवटी खरवडल्यासारखा आवाज करून सुटला.

ते पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तसंच झालं. जेवणाची वेळ टळून गेली तरी तेच.

"अहो," बायको दारातून म्हणाली, "काय कापताय एवढं? सुताराला बोलावलं असतं तर एव्हाना कपाट दुरुस्त होऊन गेलं असतं."

एरवी काका हसले असते. आज त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुला काय कळतंय यातलं," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. बायको आत गेली आणि तिने ताटं थोडी जोरात मांडली.

काकांना भीती वाटत होती, साधी, पोटातली भीती. सकाळी शाळेत पोरांना सारेगम शिकवायचं, संध्याकाळी काळा कोट घालून मागच्या खुर्चीत बसायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. लोक पहिल्या खुर्चीची स्वप्नं बघतात. काकांना शेवटच्या खुर्चीपलीकडे काही नको होतं, आणि आता तीच जाते की काय अशी वेळ आली होती. ती गेली तर संध्याकाळी कपडे करून जायचं कुठे, हे त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते ताईंच्या घरी गेले. ताई एकट्या राहायच्या, तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. खोलीत पाठीच्या दोन खुर्च्या, एक पलंग आणि पलंगावर व्हायोलिनची बंद पेटी. पेटीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत.

"ताई, शिकवा मला," दारातच काका म्हणाले. "तुम्ही इतकी वर्षं दोघांचं वाजवताय. चार दिवसांत जेवढं होईल तेवढं."

ताईंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग खुर्ची ओढली. "बस. काढ व्हायोलिन."

पहिल्यांदा त्यांनी वाजवू दिलंच नाही. गज तारेवर ठेवून नुसतं दाबायला लावलं. "चाव. आता सोड. हलवायचं नाही. चाव, सोड. अंगठा आणि पहिलं बोट, बाकीच्यांना सुट्टी." बराच वेळ काका आवाज न करता तार चावत बसले. मग एक स्वर. मग दोन. मग ताईंनी दोन बोटांनी त्यांचं कोपर किंचित वर उचललं आणि गजाची काडी जराशी आतल्या अंगाला कलती केली. "आता जा वर."

काका निघाले.

"आता मधोमध अडकेल," ताई म्हणाल्या. गज मधोमध अडकला.

"आता तू जोर लावशील." काकांनी जोर लावला.

"आता खांद्यात कळ येईल."

काकांनी गज खाली घेतला आणि खांदा चोळला. "ताई, तुम्ही मनकवड्या आहात."

"मनकवडी कसली. कुठे अडकतो ते पाठ आहे मला. परत कर. आणि सगळे स्वर मोजू नकोस. चारातला पहिला तेवढा चाव, बाकीचे तीन त्याच्यामागे आपोआप येतील."

चारातला पहिला चावला तेव्हा खरंच मागचे दोन आपोआप आले. तिसरा आला नाही, पण दोन आले. काकांना इतका आनंद झाला की ते उभेच राहिले.

"तुम्ही एकदा वाजवून दाखवा ना ताई. म्हणजे कानात बसेल."

"दाखवून हे येत नसतं," ताई म्हणाल्या आणि पाणी आणायला उठल्या. "बघून येत असतं तर मागे बसून बसून तू कधीच शिकला असतास."

ते बरोबरच होतं. काका पाणी प्यायले आणि त्यांनी पुन्हा टोक तारेवर ठेवलं.

रोज शाळेतून सुटले की ते ताईंकडे जायचे आणि तिथून घरी आले की कपाटासमोर उभे राहायचे. ताईंना या एका गोष्टीतलं काय काय ठाऊक होतं याला सुमार नव्हता. हात ताठ करून नुसता थरथरवला तर काय होतं, थरथर सुटली की डाव्या हाताची बोटं कशी मागे राहतात, मनगटातून केलं तर कुठवर जातं, दंडातून केलं तर कुठे फसतं. काका मनात म्हणत, एवढं ज्ञान असून ही बाई शेवटच्या स्टँडवर काय करतेय? पण विचारायला वेळ कुणाला होता? गुरुवार उजाडला तरी ओळ अर्ध्यावरच तुटत होती.

त्या संध्याकाळी कपाटासमोर सातव्या की आठव्यांदा गज अडकला तेव्हा काकांनी तो पलंगावर टाकला आणि स्वतः त्याच्या शेजारी बसले. बायको दारात उभी होती. बहुधा मघापासूनच असावी.

"एक सांगू? रागावणार नसाल तर."

काका खांदा चोळत राहिले.

"तुम्ही ते सुरू केलं की श्वासच घेत नाही. मी बघतेय तीन दिवस. संपलं की विहिरीतून वर आल्यासारखे धापा टाकता. माणूस असा कसा वाजवेल?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. या वेळी नीट बघितलं. मग उठून गज उचलला, टोक तारेवर ठेवलं, आणि वर निघताना तोंडाने हळूहळू श्वास सोडला. गज मधोमध आला. अडकायची जागा आली. श्वास चालू होता, गजही चालू राहिला. शेवटचे स्वर जरा विस्कटले, पण गज मुठीपर्यंत पोचला होता.

"झालं का?" बायकोने विचारलं.

"झालं वाटतं," काका म्हणाले आणि त्यांनी गज खाली घेतला. "त्या दिवशी मी तुला उगाच बोललो."

"ते मी विसरले नाहीये," बायको म्हणाली. "तुम्ही वाजवा आधी."

शुक्रवारी शाळेत पोरांची तयारी होती, ताईंकडे जाणं जमलं नाही. काकांनी फोन लावून टेबलावर ठेवला आणि वाजवलं.

"परत," ताई म्हणाल्या.

काकांनी परत वाजवलं.

"परत."

तिसऱ्यांदाही ओळ आली, वाटाणे सांडावेत तशी, सुटी सुटी.

"कोपराला काय केलंस?"

"काही नाही. वर जाताना श्वास सोडतो. बायकोने सांगितलं."

"श्वास," ताई म्हणाल्या. "हे मला नव्हतं सुचलं. बरं. आता त्याला हात लावू नकोस. झोप."

शनिवारी हॉलमध्ये कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. जो तो आपली ओळ हलक्या हाताने घोटत होता. लीडरबाई खुर्च्यांकडे पाठ करून भिंतीसमोर उभ्या राहिल्या. "पहिलं स्टँड." दोन व्हायोलिन वाजली. "ठीक. पुढचं." मधल्या एका स्टँडवरच्या तरुण मुलाचा गज घसरला. त्याला पुन्हा संधी मिळाली आणि दुसऱ्यांदा जमलं. त्याने खांदे खाली टाकले तेव्हा काकांना कळलं की आपणही श्वास रोखून बसलो आहोत. हे बरं नव्हे, त्यांनी स्वतःला बजावलं. तळहाताला घाम येत होता. पँटवर पुसला की पुन्हा येत होता. उजव्या बाजूला ताई ताठ बसल्या होत्या, भिंतीसमोरच्या त्या पाठीकडे बघत.

"शेवटचं स्टँड."

काकांनी टोक तारेवर ठेवलं. शेजारी ताईंचंही टोक तारेवर आलं. ताईंनी मानेने इशारा दिला आणि दोघे निघाले.

पहिला स्वर चावला तसा काकांनी श्वास सोडला. त्याच क्षणी त्यांना उजवीकडून दुसरा श्वास ऐकू आला, लांब, सावकाश, जपून सोडलेला. ताईही श्वास सोडत होत्या. त्यानंतर त्यांच्या तारेवर एक बारीकशी खरड उठली. मग काही नाही. काकांचा गज चालला होता, स्वर येत होते, आणि येत होते ते फक्त त्यांचेच. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. ताईंचा गज त्यांच्या गजाबरोबर, त्याच वेगाने, अगदी सरळ वर जात होता, तारेच्या केसभर वरून.

इतकी वर्षं या ओळीच्या वेळी काकांचे डोळे पानाच्या कोपऱ्यावर असायचे. शेजारी काय वाजतंय ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. ताई दोघांचं वाजवतात, असं ते धरून चालले होते. शेवटच्या स्टँडवरून ही ओळ कधी आलीच नव्हती.

गज मुठीपर्यंत पोचला. ओळ संपली.

"एकच व्हायोलिन आलं," भिंतीकडे तोंड करूनच लीडरबाई म्हणाल्या. "पण आलं ते स्वच्छ आलं. ताई, तुमच्याबद्दल मला शंका नव्हतीच." त्या वळल्या. त्यांचा चेहरा खरोखरच उतरला होता. "काका, मी सोमवारीच सांगितलं होतं. मला फार वाईट वाटतंय."

सगळी डोकी मागे वळली. काकांनी तोंड उघडलं. "मी" एवढा एकच शब्द पुरला असता. शब्द जिभेवर आला आणि तिथेच थांबला, कारण तो उच्चारला की दुसरी खुर्ची जात होती. नाही उच्चारला तर आपली. त्यांना ताईंचं घर आठवलं, पलंगावरची बंद पेटी आठवली, आणि ताईंना एवढं सगळं कुठून ठाऊक होतं ते आत्ता कुठे कळलं. ते तसेच आ वासून बसले.

"तो वाजवत होता," ताई म्हणाल्या.

"ताई," लीडरबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "इतक्या वर्षांचा शेजार आहे तुमचा, मी समजू शकते. पण असं पाठीशी घालून काय होणार?"

"मी कुणाला पाठीशी घालत नाहीये. मला हे येत नाही. कधीच आलं नाही."

"असं कसं होईल, ताई?"

आता मात्र ताईंनी सुस्कारा टाकला. "बरं," त्या म्हणाल्या. "मला एकटीला ऐका. आणि पाठ नका करू, बघा."

त्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. टोक तारेवर ठेवलं. कोपर वर होतं, काडी आतल्या अंगाला कलती होती, अंगठा आणि पहिलं बोट जिथे हवं तिथे होतं. काकांना जे जे शिकवलं होतं ते सगळं जागच्या जागी होतं. गज तारेवरून निघाला, चार स्वर आले, पाचवा अर्धा आला. मधोमध गज अडकला. ताईंनी तो उचलला नाही. तिथल्या तिथे झगडून त्यांनी तो सोडवला, पुढे नेला, तो पुन्हा अडकला, पुन्हा सोडवला, आणि खरवडत, ओरखडत मुठीपर्यंत आणला. त्या ओळीला इतका वेळ लागू शकतो हे कुणाला माहीत नव्हतं. पुढच्या खुर्चीवरच्या माणसाने मान खाली घातली. काकांना वाटलं, उठून ताईंचा हात धरावा आणि म्हणावं, पुरे. पण ताईंनी शेवटचा स्वर वाजवल्याशिवाय गज खाली घेतला नाही.

"आता त्याला ऐका," त्या म्हणाल्या.

लीडरबाईंनी नुसती मान हलवली. काकांनी टोक तारेवर ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते, समोरची ओळ धड दिसत नव्हती. दिसायची गरजही नव्हती. त्यांनी श्वास सोडला आणि गज वर गेला. एकेक स्वर सुटा, एकेक स्वर स्वच्छ. हॉलमध्ये दुसरा आवाज नव्हता. ताई त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होत्या, अगदी टक लावून, टोकापासून मुठीपर्यंत.

"छान, काका," लीडरबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. मग जरा थांबून, "ताई, तालमीनंतर मला भेटाल?"

"भेटेन की."

"चला. सुरुवातीपासून घेऊ."

सगळ्यांनी व्हायोलिन उचलली. खुर्च्या करकरल्या, पानं मागे उलटली गेली. काकांनी उजवीकडे पाहिलं. ताईंनी व्हायोलिन मांडीवर आडवं ठेवलं होतं आणि त्या गजाच्या मुठीतला स्क्रू फिरवत होत्या, एकेक आटा, सावकाश. गजाचे ताणलेले केस सैल होत काडीला टेकले. तालीम संपली की गज पेटीत ठेवण्याआधी करतात तसं. तालीम अजून अर्धी बाकी होती.